प्तुयला येताय? मग हे आधी वाचा

मी ऑस्ट्रियातल्या ग्राझला राहतो. घर मूळचं दिंडोरी तालुक्यातलं, द्राक्षबागायतदाराचं. ग्राझहून गाडीने तासाभरात स्लोव्हेनियातलं प्तुय येतं आणि घरून कुणी आलं की मी त्यांना तिथेच नेतो. त्यामुळे प्रश्नही ठरलेले असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच लिहून अंगठे दुखायला लागले, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

हे प्तुय नेमकं आहे कुठे? आणि नाव उच्चारायचं कसं?

स्लोव्हेनियाच्या ईशान्येला, द्रावा नदीच्या काठी. वस्ती अठरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं बाजाराचं गाव. उच्चार ‘प्तुय’. आधी ‘प’ ओठात धरायचा आणि ‘तु’बरोबर सोडायचा. माझी मावशी पहिले दोन दिवस ‘तुय’ म्हणत होती, कुणाचं काही अडलं नाही. जर्मन भाषेत याच गावाला पेटाऊ म्हणतात, जुन्या नकाशांवर तेच सापडेल. रोमन काळात ते पोएटोविओ होतं.

द्रावा इटलीच्या डोंगरात उगम पावते, ऑस्ट्रियातून इथे येते आणि पुढे क्रोएशियात डॅन्यूबला मिळते. गाव डाव्या तीरावर आहे. मागे टेकडी, टेकडीवर किल्ला, पायथ्याशी लाल कौलांची गर्दी आणि खाली नदी.

लोक स्लोव्हेनियातल्या प्रसिद्ध ब्लेडच्या तळ्यावर जातात. आम्ही इथे का यावं?

ब्लेडला जाच. फोटो चांगले येतात. पण तिथे तुम्ही रांगेतले एक असता. प्तुयमध्ये सकाळी आठ वाजता बाजारात उभं राहिलात तर कांद्याची माळ घेऊन बसलेली आजीबाई, शाळेत निघालेली पोरं आणि दोन हजार वर्षांचा रोमन दगड, सगळं एकाच गल्लीत दिसतं. त्याचं कुणाला फारसं अप्रूप नाही. इथला दगड कधीच निवृत्त होत नाही, प्रत्येक शतकाने त्याला नवं काम लावलेलं आहे. मला हे गाव आवडतं ते त्यासाठी.

पोचायचं कसं?

मुंबईहून फ्रँकफर्ट, म्युनिक किंवा इस्तंबूल असं कुठेतरी विमान बदलून ल्युब्लियानाला, म्हणजे स्लोव्हेनियाच्या राजधानीत, उतरता येतं. व्हिएन्ना किंवा झाग्रेबला उतरलात तरी चालतं. झाग्रेबहून मोटारीने सव्वा तासाच्या आसपास लागतो. ल्युब्लियानाहून अंतर साधारण १३० किलोमीटर. रेल्वेने अडीच तास धरा. काही गाड्या थेट आहेत, बाकीच्यांना प्रागेर्स्को नावाच्या जंक्शनवर बदलावं लागतं.

प्रागेर्स्कोचा इशारा मनावर घ्या. पहिल्या खेपेला मला तिथेच डुलकी लागली आणि डोळे उघडले ते मारिबोरच्या फलाटावर. चूक सर्वस्वी माझी. परत येऊन जोडगाडीची वाट बघत बाकावर बसलो, तेव्हा कळलं की त्या स्टेशनात करण्यासारखं काहीही नाही. थेट गाडीच शोधा.

व्हिसा, पैसे वगैरे?

शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. स्लोव्हेनिया २००७ साली शेंगेनमध्ये आला आणि त्याच वर्षी तिथे युरोही आला. अल्पमुदतीच्या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. क्रोएशियाही २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे झाग्रेबमार्गे आलात तरी वेगळा व्हिसा नको. गावात कार्ड चालतं. डोंगरातल्या वाइनवाल्याकडे जाताना मात्र खिशात रोख असू द्या.

एका दिवसात होईल का?

‘होईल’ म्हटलं की लोक एका दिवसात उरकतात, म्हणून मी ‘नाही’ म्हणतो. दोन रात्री राहा. एक दिवस गावासाठी, एक डोंगरासाठी. दिवसाच्या पाहुण्यांच्या बसगाड्या परतल्या की संध्याकाळी किल्ल्यावरून नदी बघायची, हा या सहलीतला सगळ्यात चांगला तास. आणि तो फुकट असतो.

कोणत्या महिन्यात यावं?

मे-जूनमध्ये हिरवं आणि सुखद. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन असतं, पण नाशिकच्या एप्रिलपुढे ते काहीच नाही. सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा द्राक्षतोडणीचा, स्थानिक शब्द ‘तर्गातेव’. वाइनसाठी येत असाल तर हाच काळ, फक्त वाइनवाल्यांना तुमच्याशी गप्पा मारायला सवड नसते. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस. त्या दिवशी द्राक्षरसाची वाइन झाली असं समजतात आणि गावोगाव जेवणावळी उठतात. हिवाळ्यात धुकं आणि शून्याखालची थंडी. तरीही फेब्रुवारीत यायला एक भक्कम कारण आहे, ते पुढे सांगतो.

गावात बघायचं काय?

सुरुवात स्लोव्हेन्स्की चौकातून करा. घड्याळाच्या मनोऱ्यासमोर संगमरवराची एक उभी शिळा आहे, जवळजवळ पाच मीटर उंच. हा ऑर्फियसचा स्तंभ. खरं तर ते थडगं आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं, मार्कुस वालेरिउस वेरुस नावाच्या इथल्या नगरप्रमुखाचं. बायकोला मृत्यूलोकातून परत आणायला निघालेल्या ऑर्फियस या ग्रीक पुराणातल्या गायकाची गोष्ट त्यावर कोरलेली आहे. तो वीणेसारखं वाद्य वाजवतोय आणि जनावरं ऐकतायत. जवळ जाऊन बघा. पाऊसवाऱ्याने चेहरे झिजलेत, पण जनावरांच्या पाठी अजून कळतात.

मध्ययुगात गावकऱ्यांना हे थडगं आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. गुन्हेगाराला चारचौघांत बांधून ठेवायला खांब हवा होता, हा आयता मिळाला. नगरप्रमुखाच्या स्मारकाला चोर बांधायचे! शेजारच्या मनोऱ्याच्या भिंतीतही रोमन शिलालेख आणि कोरीव तुकडे बसवलेले आहेत. सिमोन पोवोदेन नावाच्या एका पाद्र्याने १८३० मध्ये ते गोळा करून तिथे लावले. तिकीट नसलेलं, छप्पर नसलेलं संग्रहालय. आपल्याकडे गावच्या पारावर वीरगळ टेकवून ठेवलेले असतात, तसं वाटतं. फरक इतकाच की इथे कुणी शेंदूर फासत नाही.

तिथून वर किल्ला. चढ छोटा आहे पण खडा. एक तासाचं संग्रहालय म्हणून शिराल आणि अडीच तासांनी बाहेर याल. जुन्या वाद्यांची दालनं आहेत, शस्त्रं आहेत, सरदारांच्या खोल्या आहेत. मला धरून ठेवतात ती तुर्कांची चित्रं. सतराव्या शतकात हा किल्ला वॉल्टर लेस्ली या स्कॉटिश सरदाराने विकत घेतला. पुढे हाच लेस्ली ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग सम्राटाचा वकील म्हणून तुर्कांच्या ऑटोमन दरबारात गेला होता. ज्या तुर्कांच्या भीतीने हा सगळा मुलूख शतकभर झोपला नाही, त्यांचीच पगडीधारी चित्रं मग दिवाणखान्यात हौसेने लागली. शत्रूच्या पोशाखाची अशी हौस आपल्या इतिहासातही सापडते. आपल्या सरदारांच्या चित्रांतले मोगली जामे आठवा.

खाली उतरताना दोन मठ लागतात. डोमिनिकन मठ तेराव्या शतकातला, आता तिथे कार्यक्रम आणि परिषदा होतात. दुसरा मिनोराइट मठ. त्याचं चर्च जानेवारी १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात कोसळलं आणि फार उशिराने पुन्हा उभं राहिलं.

तिथे ‘मित्रा’चं मंदिर आहे म्हणे. तो आपला मित्र का?

नाव तेच, देव तोच म्हणता येणार नाही. ऋग्वेदात वरुणाबरोबर येणारा मित्र आणि इराणी मिथ्र हे एकाच मुळातून आलेले, करार आणि शब्द पाळण्याचे देव. रोमन सैन्यात पसरलेल्या मिथ्रासने इराणी नाव घेतलं, पण पंथ नवा घडवला. खडकातून जन्मलेला देव, गुहेसारखं अंधारं मंदिर, बैलाचा बळी आणि दीक्षा फक्त पुरुषांना.

प्तुयच्या परिसरात अशी पाच मंदिरं सापडली. हायदिना गावातलं पहिलं १८९८-९९ मध्ये उकरून काढलं. दुसऱ्या शतकातलं ते, डॅन्यूबच्या या टापूतल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. आणि ते बांधलं कुणी? सेनापतींनी नव्हे. जकात खात्यातल्या गुलामांनी! इल्लिरिकम नावाच्या जकात विभागाचं मोठं ठाणं इथे होतं आणि हिशेब ठेवणारे कारकून गुलाम होते. शिलालेखांत त्यांची नावं आहेत. उत्तरेकडून येणाऱ्या मालावर दिवसभर पट्टी आकारायची आणि रात्री गुहेत जमायचं. तिथे मिथ्रास बैलाला मागच्या पायांनी खांद्यावर घेऊन ओढत नेतोय असं शिल्प आहे. आमच्या बाबांनी ते बघून एवढंच म्हटलं, ‘बैल दमलेला दिसतो.’

मंदिरांची दारं रोज उघडी असतील असं धरून चालू नका. आधी किल्ल्यातल्या संग्रहालयात विचारा.

रोमन काळात हे खरंच इतकं महत्त्वाचं होतं?

बाल्टिक समुद्राकडून इटलीत येणारा अंबरचा, म्हणजे दगड झालेल्या पिवळ्या राळेचा, व्यापारी रस्ता इथे द्रावा ओलांडायचा, म्हणून सगळं. नदीवर पूल, पुलावर जकात, जकातीवर पहारा. इसवी सन ६९ मध्ये रोमला गादीसाठी भांडणं पेटली, तेव्हा डॅन्यूबकडच्या पलटणींचे सेनानी इथल्या छावणीत जमले आणि त्यांनी व्हेस्पाशिअनच्या बाजूने इटलीवर चालून जायचं ठरवलं. व्हेस्पाशिअन सम्राट झाला. पुढे सम्राट त्राजानने गावाला वसाहतीचा दर्जा दिला. आजच्या गल्लीत उभं राहून हे पटत नाही, कारण तेव्हाच्या नगराचा बराच भाग पलीकडच्या तीरावर शेताखाली आहे आणि नदीनेही मधल्या काळात पात्र बदललंय.

फेब्रुवारीत ते केसाळ राक्षस नाचतात, तो काय प्रकार?

कुरेंट. फेब्रुवारीत यायचं भक्कम कारण म्हणालो ते हेच. अंगभर मेंढीचं कातडं, कमरेला जाडजूड साखळीत अडकवलेल्या गायीच्या घंटा, चामड्याचा मुखवटा, त्यातून लोंबणारी लांब लाल जीभ आणि दात म्हणून ओवलेले पांढरे वाल. हातात सोटा, त्याच्या टोकाला साळिंदरासारख्या काटेरी प्राण्याचं कातडं. नदीच्या डाव्या अंगाच्या गावांत साधारणपणे डोक्यावर पिसं असतात, उजव्या अंगाला शिंगं. एवढं ओझं घेऊन ते चालत नाहीत, उड्या मारतात, म्हणजे घंटा वाजाव्यात. आवाज आधी छातीत जाणवतो, मग कानात.

२ फेब्रुवारीच्या मध्यरात्री शेकोटी पेटते आणि कुरेंट बाहेर पडतात. ख्रिस्ती उपासाच्या आधल्या दिवसापर्यंत ते घरोघर जाऊन थंडी पळवतात, नव्या वर्षाला बरकत मागतात. पूर्वी फक्त अविवाहित तरुणांना हा मान होता, आता बायका आणि मुलंही कातडं चढवतात. घरोघर फिरायच्या या रिवाजाला २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. गावात जी मोठी मिरवणूक निघते ती १९६० पासूनची.

कोकणातल्या वाचकांना एव्हाना संकासूर आठवला असेल. काळा पोशाख, टोकदार मुखवटा, कमरेला घुंगरं आणि शिमग्यात दारोदार फेरी. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण रत्नागिरीचा माझा मित्र मिरवणुकीत उभा राहून जे हसायला लागला ते थांबेचना. ‘अरे, हा तर आमचाच, फक्त थंडीमुळे स्वेटर घातलाय.’

खोली चार-पाच महिने आधी धरा. मुख्य मिरवणूक ईस्टरच्या हिशेबाने ठरते, त्यामुळे तारीख दरवर्षी सरकते. आणि कानात घालायला कापूस आणा, विशेषतः लहान मुलांसाठी.

वाइन कोणती प्यायची?

पांढरी. हा सगळा प्रदेश पांढऱ्या वाइनचा. लाश्की रिझलिंग घरोघरची, साधी आणि तरतरीत. शिपोन म्हणजे हंगेरीत जिला फुर्मिंट म्हणतात तीच जात, आंबटपणा चढा. नेपोलियनच्या शिपायांनी चाखून फ्रेंचमध्ये ‘किती छान’ म्हटलं आणि त्यावरून शिपोन नाव पडलं, अशी दंतकथा सांगतात. ऐकून घ्यायची आणि प्याला पुढे करायचा. सुवासाची आवड असेल तर रुमेनी मुश्कात. बाटलीवर ‘सुहो’ म्हणजे कोरडी, ‘पोलस्लाद्को’ म्हणजे निमगोड. पहिल्यांदा पिणारे बहुतेक आपले लोक निमगोडीवर खूश होतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

गावातलं जुनं तळघर तेराव्या शतकातल्या मिनोराइट साधूंशी नातं सांगतं आणि तिथल्या साठ्यात १९१७ सालची ‘झ्लाता त्रता’, म्हणजे सोन्याची वेल, ही देशातली सगळ्यात जुनी वाइन जपून ठेवलेली आहे. ती प्यायला मिळत नाही. तळघर बघायला आधी वेळ घ्यावी लागते.

उन्हाळ्यात स्थानिक लोक वाइनमध्ये सोडा घालून पितात, त्याला श्प्रित्सर म्हणतात. वाइनच्या शौकिनांना ते पाप वाटेल. मला जुलैच्या दुपारी त्याहून शहाणं पेय माहीत नाही.

आम्ही पीत नाही. मग?

मग तोडणीच्या हंगामात या आणि ‘मोश्त’ मागा, ताजा द्राक्षरस. ‘नको’ म्हटल्यावर इथे कुणी आग्रहाने ग्लास भरत नाही. चाखताना थुंकायला भांडं असतं, ते वापरणंही शिष्टाचारातच बसतं.

डोंगरात जायचं म्हणजे कुठे? बागा आपल्यासारख्याच असतात का?

नदीच्या दक्षिणेला हालोझे. उत्तरेला स्लोव्हेन्स्के गोरित्से, तिकडेच पुढे येरुझालेम नावाचं गाव, तेही वाइनचंच. मी हालोझेचा पक्षपाती आहे. तिथे टेकड्या इतक्या उभ्या आणि दाटीवाटीच्या की ट्रॅक्टर उलटायची भीती, म्हणून बऱ्याच ठिकाणी अजून हातानेच तोडणी होते. पाठीवर करंडी, खाली बघितलं की गुडघे थरथरतात.

आपल्या बागेशी तुलना केल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही. नाशिकला वेल झोपत नाही, म्हणून आपण तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, आणि माल जानेवारी ते मार्चमध्ये. इथे हिवाळाच वेलीला झोपवतो. वर्षाला एकच छाटणी, थंडी सरताना, आणि पीक सप्टेंबरात. आमचे काका हालोझेच्या उतारावर उभे राहून पहिलं काय म्हणाले असतील? ‘ठिबक कुठंय?’ बहुतेक ठिकाणी नाही. पाऊस पुरतो. मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

हा डोंगर बघायला गोड आहे, राबायला नव्हता. बागा सरदारांच्या, मठांच्या, प्तुयच्या व्यापाऱ्यांच्या. राबणारे ते ‘विनिचार’. बागमालकाच्या खोपटात राहायचं आणि राहण्याच्या बदल्यात त्याच्या वेली सांभाळायच्या. आपल्या सालगड्यासारखं, फक्त इथे सगळं कुटुंबच बांधलेलं असे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत गेली. टेकड्यांवरची ती लहानशी घरं आज फोटोत सुंदर दिसतात. काही उतार आता ओसाड पडलेत, तिथे झाडोरा वाढलाय. वाइन चाखताना मालकाला त्याच्या आजोबांबद्दल विचारा. बाटलीच्या भावाबद्दल विचारलंत तर मिळेल त्यापेक्षा किती तरी जास्त ऐकायला मिळेल.

शेतात तो लाकडी पंखा खडखडतो तो कशाला?

क्लोपोतेत्स. उंच खांबावर लाकडी पाती, वारा आला की ती फिरतात आणि लाकडी हातोड्या फळीवर आपटतात. टक-टक-टक. पाखरं उडतात, निदान उडावीत अशी अपेक्षा. द्राक्षं भरू लागली की जुलैअखेर-ऑगस्टात उभारतात आणि तोडणीनंतर उतरवतात. आपल्याकडे माचाणावर पोरगं बसवून गोफण फिरवतात. इथे ते काम वाऱ्याला दिलंय. लांबून ऐकलं तर कुणीतरी डोंगरात पत्रा ठोकतंय असं वाटतं. स्थानिक माणसाला मात्र तो आवाज म्हणजे शरद ऋतू.

शाकाहारी माणसाचं काय होईल?

उपाशी नाही राहणार, पण सावध राहावं लागेल. चरबी इथे तेलासारखी वापरतात. सॅलडवर कुरकुरीत काहीतरी भुरभुरलेलं दिसलं तर ते शेंगदाण्याचं कूट नव्हे, ‘ओत्स्विर्की’ आहे, डुकराच्या चरबीचे तळलेले कण. माझ्या मामीने दोन घास खाल्ल्यावर विचारलं होतं. ‘ब्रेझ मेसा, प्रोसिम’ हे वाक्य पाठ करा: मांस नको, कृपया. मेसो म्हणजे मांसच, शब्दसुद्धा सख्खा. तरी चरबीबद्दल वेगळं विचाराच.

बिनधास्त खावं असं म्हणजे गिबानित्सा, ताज्या चीजची थरांची पेस्ट्री. श्त्रुक्ली, म्हणजे पिठाच्या गुंडाळ्यात चीज किंवा अक्रोड. झ्गान्त्सी हा बकव्हीटचा, म्हणजे कुट्टूच्या पिठाचा पदार्थ, काट्याने मोकळा केलेला. विदर्भातल्या लोकांनी डोळे मिटून उकडपेंडी म्हणावी. म्लिन्त्सी म्हणजे कडक वाळवलेल्या पोळीचे तुकडे भिजवून मऊ केलेले, जवळपास आपला पोळीचा कुस्करा. पण संत मार्टिनच्या दिवशी ते हंसाच्या रश्शात भिजवतात, तेव्हा सांभाळून.

आणि भोपळ्याच्या बियांचं तेल! बाटलीत काळं, ताटलीत हिरवं. बिया दळून, भाजून मग तेल काढतात, त्यामुळे खरपूस वास असतो, कारळ्याच्या चटणीच्या जवळ जाणारा. व्हॅनिला आइस्क्रीमवर घालून देतात. तोंड वाकडं करू नका, आधी खाऊन बघा.

गाडी भाड्याने घ्यावी का?

हालोझेसाठी हो. बसगाड्या तुरळक आहेत. महामार्गासाठी ई-विन्येता, म्हणजे टोलचा ऑनलाइन पास, लागते, ती आठवड्याचीही मिळते. भाड्याच्या गाडीला आधीच आहे का ते विचारून घ्या. आंतरराष्ट्रीय परवाना जवळ ठेवा. दारूची मर्यादा रक्तात ०.५ ग्रॅम प्रति किलो, नवख्या चालकाला शून्य. म्हणजे चाखायला जाताय त्या दिवशी चालकाने चाखायचं नाही, किंवा सरळ शेतघरात मुक्काम करायचा. घाटातल्या वळणांसारखे रस्ते आहेत आणि रात्री दिवे नाहीत.

आईबाबा सत्तरीचे आहेत. झेपेल?

गाव सपाट आहे, फक्त फरसबंदी दगडांची, तेव्हा चपला चांगल्या हव्यात. किल्ल्यापर्यंत एकदा दम लागेल. पलीकडच्या तीरावर गरम पाण्याचं स्नानगृह आहे, गुडघेदुखीवाल्यांना ते फार आवडतं. एक सूचना. तलावात पोहण्याचे कपडे लागतात, पण सौनाच्या भागात अनेकदा कपडे काढूनच बसायची पद्धत असते. दारावरची पाटी वाचूनच आत जा. आमच्या घरात या विषयावर अजूनही बोलत नाहीत.

रविवारी पोचलो तर?

२०२० च्या अखेरीपासून स्लोव्हेनियात रविवारी दुकानं कायद्याने बंद असतात. पेट्रोल पंपावरची दुकानं वगैरे उघडी राहतात. दूध, पाव, फळं शनिवारीच घेऊन ठेवा. बाकी रविवार फिरायला छान. नदीच्या खालच्या अंगाला प्तुयचं तळं आहे, १९७८ मध्ये जलविद्युत प्रकल्पासाठी अडवलेलं, देशातलं सगळ्यात मोठं कृत्रिम तळं. हंस आणि नाना पाणपक्षी दिसतात. नाहीतर प्तुय्स्का गोराच्या गॉथिक चर्चला जा. तिथे मेरीने पांघरुणाखाली सरदारापासून सामान्य माणसापर्यंत दाटीवाटीने सगळ्यांना घेतलंय, तो कोरीव पट सहाशे वर्षांचा आहे.

भाषेचं काय?

तरुणांना इंग्रजी छान येतं, म्हाताऱ्यांना जर्मन. ‘दोबेर दान’ म्हणजे नमस्कार, ‘ह्वाला’ म्हणजे धन्यवाद. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना इथे मजा येते. द्विवचन अजून जिवंत आहे! दोघं जातात आणि तिघं जातात यांची क्रियापदं वेगळी. देव-देवौ-देवाः पाठ करताना आपण ज्याला शिव्या घातल्या, ते इथे शेंबडं पोर बोलतं. ‘ओगेन’ म्हणजे अग्नी, ‘नेबो’ म्हणजे आकाश, आपलं नभ. ‘व्दोवा’ म्हणजे विधवा. नवऱ्याच्या भावाला जुना शब्द ‘देवेर’, म्हणजे दीर.

घरी काय न्यावं?

भोपळ्याच्या बियांचं तेल, नीट गुंडाळून, चेक-इनच्या बॅगेत. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत वाइन किंवा दारू शुल्काशिवाय आणता येते, तेवढ्या बाटल्या. प्तुयचा लालसर चपटा कांदा, त्याला इथे ‘ल्युक’ म्हणतात, युरोपात भौगोलिक मानांकन मिळालेला आहे. वेणीसारख्या माळा करून विकतात. लासलगावच्या माणसाने बघावा असा माल, पण ताजा कांदा विमानातून नेऊ नका. इथेच चिरून खा.

आणि बाबांना दाखवण्यासारखं खास काही?

नदीवरचा नवा पूल, पुहोव मोस्त. २००७ मधला. यानेझ पुहच्या नावाने. हा गडी १८६२ मध्ये प्तुयजवळच्या साकुशाक खेड्यात जन्मला, लोहारकाम-किल्लीकाम शिकला, ग्राझला गेला, सायकली केल्या, मग मोटारसायकली आणि मोटारी. जर्मन स्पेलिंगने त्याचा कारखाना पुख झाला आणि कित्येक दशकांनी त्याच नावाची मोपेड भारतात आली, हिरो पुक.

काकांना मी हे पुलावर उभं करून सांगितलं. नव्वदच्या दशकात त्यांच्याकडे लाल पुक होती, दुधाचे कॅन लावून दिंडोरीला जायचे. त्यांनी कठड्यावर हात ठेवला, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘चढाला पेडल मारावं लागायचं. सांग कुणाला तरी इथे.’